तिघांचं एकमत

आमची चार गाणी जगात फक्त तीन माणसांना मनापासून आवडली, आणि ती तिन्ही माणसं म्हणजे आम्हीच. वाजवणारेही आम्ही, वाहवा करणारेही आम्ही. ज्या बँडमध्ये चहा कुठल्या टपरीवर प्यायचा यावर अर्धा तास भांडण व्हायचं, त्या बँडचं चार गाण्यांवर एकमत झालं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आला नाही. त्याची चिडचिड अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचा प्रकार इंडी रॉक. म्हणजे गाणी आपणच लिहायची, आपणच वाजवायची, आपणच रेकॉर्ड करायची. पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, कुणाचा हात नाही. लोकांना हे समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. ड्रमरच्या मेव्हण्यानं एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "बरं, मग हळदीला किती वाजेपर्यंत वाजवता?" त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

बँडमध्ये आम्ही तिघंच. मी निगडीचा, प्राधिकरणात वडिलांनी बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा. निघोज्याजवळच्या एका कंपनीत प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला आहे. प्रेस शॉप म्हणजे पत्रा ठोकून गाडीचे भाग काढतात ते खातं. बँडमध्ये मी बास गिटार वाजवायचो. गाणी लिहिणारा, गाणारा आणि गिटार वाजवणारा माझा मित्र त्याच खात्यात प्रेसवर ऑपरेटर. तो अठराव्या वर्षी प्रेससमोर उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. त्याचे वडील फाउंड्रीत होते आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. मांडवात बसलेली शेकडो माणसं वडिलांचं गाणं संपेपर्यंत हलायची नाहीत, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तिसरा आमचा ड्रमर. तो चिखलीच्या जुन्या घराण्यातला. शेत होतं तिथं आता पत्र्याच्या शेड आहेत आणि त्यातल्या एका शेडमध्ये याचं स्वतःचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप.

तालीम त्या शेडमध्ये, गुरुवारी. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी मोकळं आणि आम्ही गुरुवारी. पुण्यात बँड वाजतात ते शनिवारी, रविवारी. तेव्हा आम्ही कुठल्यातरी शिफ्टला. त्यात गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीज घालवतात, ती दुपारी येते. म्हणजे वाजवायला वेळ मिळायचा तेव्हा वीज नसायची, आणि वीज असायची तेव्हा वेळ नसायचा. तरी आम्ही सहा वर्षं चिकाटीनं वाजवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

मित्राला एकच गोष्ट हवी होती. प्रसिद्धी नको होती, स्टेजवरचे दिवे नको होते. ओळखीचा नसलेल्या एका तरी माणसानं आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच. तो हे अनेकदा बोलून दाखवायचा. "नातेवाईक ऐकतात रे, त्यांना उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येतं तो बसला पाहिजे."

चौथं गाणं त्याचं सगळ्यात लाडकं. कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या एका माणसाचं. सगळं गाणं दणदणीत, पण शेवटाला सगळं थांबतं, ड्रमवरची झांज अगदी हलकी वाजत राहते आणि मित्र तिच्यावर नुसत्या श्वासात दोनच शब्द म्हणतो, "सांग ना." संपलं. तो म्हणायचा, सगळं गाणं या दोन शब्दांसाठी लिहिलंय. मलाही तसंच वाटायचं.

पुण्यात एक जागा आहे, नाव सांगत नाही. तिथला मालक नव्या बँडना बोलावतो, पण आधी रेकॉर्डिंग मागवतो. आणि तिथला नव्यांचा दिवस गुरुवार! हे कळल्यावर ड्रमर शेडमध्ये अक्षरशः नाचला. आम्ही चारही गाणी शेडमध्येच रेकॉर्ड केली. मग ती मिसळायचं काम, म्हणजे कुठला आवाज किती वर ठेवायचा, किती खाली, कुठला तासायचा, कुठला चमकवायचा, हे सगळं माझ्याकडं आलं. कारण माझा कान.

माझा कान खात्यात प्रसिद्ध होता. चालू मशीनजवळ उभं राहून मी सांगायचो, हे बेअरिंग पंधरा दिवस काढेल, हे आठच. साहेब लोक मला ऑफिसमधून बोलावून न्यायचे. त्यामुळं मी कानात आवाज अडवणारे प्लग घालत नसे. प्लग घातले तर मशीनचं दुखणं कळणार कसं? मित्रही घालत नसे. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट बसला नाही तर ठोक्याचा आवाज बदलतो, तो ऐकू आला नाही तर बोटांवर बेततं. केशरी प्लग दोरीनं गळ्यात लटकायचे. सेफ्टीवाला लांबून दिसला की कानात, गेला की परत गळ्यात. ड्रमर तर स्वतःच मालक, त्याला कोण विचारणार? ग्राइंडरपुढं उभा राहून तो कानात प्लगऐवजी इअरफोन घालायचा आणि त्यात गाणी लावायचा.

मिक्सिंग मी घरी लॅपटॉपवर केलं, महिनाभर. इक्वलायझर म्हणून एक सोय असते. पडद्यावर एक रेघ; डाव्या अंगाला जाडे आवाज, उजव्या अंगाला बारीक. जिथं रेघ वर ओढाल तिथला आवाज वाढतो. मला झांज बुजलेली वाटत होती, मित्राचे शब्द तोंडात रुमाल घेऊन बोलल्यासारखे वाटत होते. मी उजवीकडची रेघ वर ओढली. मित्रानं येऊन ऐकलं. म्हणाला, "भारी झालंय, पण शेवटची झांज अजून जरा वर घे राव. आणि ते 'सांग ना' पुढं आण." मी घेतली. ड्रमरनं ऐकलं. म्हणाला, "आता कसं, आता वाजतीय. पर अजून थोडी जादा घातली तरी चालंल." मी अजून घातली. मग तिघांनी मिळून ऐकलं आणि लगेच पुन्हा लावलं, इतकं ते सुंदर होतं. मला खरंच भरून आलं होतं.

बायको शाळेत शिक्षिका आहे, सकाळच्या सत्रात. तिला हेडफोन दिला. पहिल्याच गाण्याला तिचे डोळे बारीक झाले. दुसऱ्याला तिनं हेडफोन कानापासून दोन बोटं लांब धरला. चौथ्याच्या शेवटी तो काढूनच ठेवला आणि म्हणाली, "चांगलंय. जरा टोचतंय फक्त."

"तुला रॉकमधलं काय कळतं?" मी म्हणालो. ती वह्या तपासायला बसली. सहा वर्षं दर गुरुवारी नवरा घरात नसतो आणि तिनं चकार शब्द काढलेला नाही, अशा बाईला मी हे म्हणालो. मला स्वतःचीच लाज वाटते.

पुण्याच्या मालकाचा फोन आठवड्यानं आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "शब्द चांगले असतील, चालीही असतील, पण खरं सांगू का, ऐकवत नाही हो. मी प्रत्येक गाणं लावून पाहिलं, मिनिटाच्या पुढं जाताच आलं नाही."

मी हे शेडमध्ये जसंच्या तसं सांगितलं. ड्रमरनं पुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मित्र गिटारची तार पुसत होता. पुसत पुसतच म्हणाला, "आपला आवाज त्यांना टोचतोच रे. आजचं आहे का ते?" त्याच्या घराण्याला हे वाक्य म्हणायचा हक्क आहे, त्यामुळं मी वाद घातला नाही. उलट मला ते पटलंच. आता पाहतो तेव्हा वाटतं, किती सोयीचं पटलं मला.

कारण पुढं जे झालं त्यानं आमचा समज दगडासारखा पक्का झाला. मी गाणी फोनवर घेऊन कंपनीत फिरलो. प्रेस शॉपमधल्या पोरांनी ऐकली. "एक नंबर, भावा!" "झांज काय वाजलीय!" एका जुन्या ऑपरेटरनं तर चौथं गाणं लागोपाठ दोनदा ऐकलं आणि पाठ थोपटली. मग मी वर ऑफिसात गेलो. अकाउंट्समधल्या मुलीनं अर्ध्या मिनिटात इअरफोन परत दिला. डिझाइनवाला म्हणाला, "सर, फाइल खराब झालीय वाटतं." एचआरच्या साहेबांनी दात दुखल्यासारखा चेहरा केला. मी खाली येऊन मित्राला सांगितलं, "बघ, कामगाराला कळतं, स्टाफला कळत नाही." आम्ही दोघं त्यावर हसलो, आणि त्या दिवशी मला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

मित्राला मात्र खात्यातली शाबासकी पुरेना. "ही सगळी आपलीच माणसं," तो म्हणाला. ओळखीचा नसलेला माणूस अजून मिळालाच नव्हता.

संशयाची ठिणगी पडली ती फ्रिजमुळं. नवीन फ्रिज घेतला होता, दार उघडं राहिलं की शिट्टी वाजवणारा. एका संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभं राहून पाणी पीत होतो. बायको आतल्या खोलीतून ओरडली, "अहो, दार लावा ना! कधीचं बोंबलतंय ते!" मी दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं. शिट्टी मला ऐकूच येत नव्हती. ती बाहेर आली, माझ्याकडं पाहिलं, दार लावलं आणि म्हणाली, "आता थांबलं." काय थांबलं ते मला कळलं नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी होती. तपासणीची गाडी आवारात येऊन उभी राहते. तिच्यात एक बंद खोकं असतं. आत बसायचं, हेडफोन लावायचा, बारीक टूं ऐकू आली की बटण दाबायचं. खोक्याला छोटीशी काच असते आणि काचेपलीकडं तपासणारा. आता प्रेस शॉपमधली खरी विद्या सांगतो. तपासणारा आवाज सोडतो तेव्हा त्याचा खांदा किंचित हलतो. खांदा हलला की बटण दाबायचं. ऐकू येवो न येवो. कारण कानात दोष निघाला तर लाइनवरून काढतात, आणि कंत्राटी असेल तर गेटबाहेर. ही युक्ती मला एका जुन्या कामगारानं शिकवली, मी मित्राला शिकवली, मित्रानं पुढच्या पन्नास जणांना. आम्हा सगळ्यांचे रिपोर्ट दरवर्षी उत्तम. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातला प्रकार. फक्त आमच्यात दळणारेही आम्हीच आणि खाणारेही आम्हीच होतो.

त्या वर्षी मी खोक्यात बसलो आणि डोळे मिटले. का मिटले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला दोनचार जाडे आवाज आले, बटण दाबलं. मग काही नाही. मग बराच वेळ काही नाही. माझ्या छातीतली धडधड मला ऐकू येत होती आणि मी वाट पाहत होतो. शेवटी दार उघडलं. तपासणारा म्हणाला, "झोप लागली का, साहेब?"

डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला. त्यावर एक रेघ होती, डावीकडं सरळ, उजवीकडं खोल खड्डा. "हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. मग जुन्या फायली चाळल्या. "पण गेल्या वर्षीपर्यंत तुमचे कान तर अगदी तरुण मुलाचे आहेत!"  मी यावर औषध काय, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळा."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. चौथं गाणं काढलं. त्याची इक्वलायझरची रेघ काढली आणि शेजारी डॉक्टरांचा कागद धरला. कागदावर जिथं खड्डा होता, तिथंच, अगदी तिथंच पडद्यावर टेकडी होती. मी महिनाभर खपून माझा बहिरेपणा भरून काढला होता आणि त्याला संगीत म्हणत होतो. पुण्याचा तो माणूस, अकाउंट्समधली मुलगी, माझी बायको, सगळी खरं बोलत होती. त्यांच्या कानात आम्ही खिळे ठोकत होतो. मला रडू आलं नाही. राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

गुरुवारी बायकोला शाळेतून थेट शेडवर घेऊन गेलो. वीज यायची होती. सगळा परिसर बंद, एकही ग्राइंडर चालू नाही. मी दोघांना कागद दाखवला. ड्रमर हसायला लागला. "तुजं असंल, गड्या. माजं कान ठणठणीत हायेत. व्हय का न्हाई, वहिनी?"

बायकोनं फोनवर एक आवाज लावला. जाडा सुरू होऊन हळूहळू बारीक होत जाणारा. ठरलं असं, की आवाज ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा. चौघांनी शाळेतल्या पोरांसारखे हात वर केले. ड्रमर अजून हसत होता. पहिला हात मित्राचा खाली आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आमचे हात वर पाहिले आणि आपला हात परत अर्धा वर केला, मग पुन्हा खाली घेतला. मग माझा. मग ड्रमरचा, आणि त्याचं हसणं थांबलं. बायकोचा हात वरच होता. आम्ही तिघं तिच्याकडं पाहत उभे. मला वाटत होतं ती आता खाली घेईल, आता घेईल. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण तिनं हात खाली घेतला नाही. कितीतरी वेळ नाही.

"बास करा, वहिनी," मित्र म्हणाला.

 मग मित्रच म्हणाला, "म्हणजे गाणी वाईट नाहीत." त्याचा आवाज जवळजवळ आनंदी होता. "गाणी वाईट नाहीत रे! मिक्सिंग वाईट आहे. वहिनी, तुम्ही करा."

आणि तिनं केलं. पंधरा दिवस, शाळा, स्वयंपाक, वह्या सांभाळून. ती हेडफोन लावून बसायची, मी एका कानाला दुसरा हेडफोन लावून माउस धरायचो. "कमी करा. अजून. अजून कमी." मी टेकडी उतरत होतो आणि माझ्या देखत गाण्यातून एकेक गोष्ट नाहीशी होत होती. आधी झांजेची धार गेली, मग झांज गेली. मग मित्राच्या शब्दांमधले स आणि श गेले. ती मात्र खुर्चीत सैल बसत चालली होती. एका ठिकाणी तर ती मान हलवायला लागली. आमच्या गाण्यावर तिची मान हललेली मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिली, आणि तेव्हा माझ्या कानात काय होतं, तर गोधडीखाली कुणीतरी बास वाजवत होतं.

मित्र ऐकायला आला. चौथं गाणं सुरू झालं. त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला. गाणं संपलं, तरी तो तसाच बसून होता.

"शेवट लावा ना," तो म्हणाला.

"झाला, भाऊजी," बायको म्हणाली.

"झांज?"

"आहे. हळू आहे, पण आहे."

"आणि मी 'सांग ना' म्हणतो ते?"

"तेही आहे. छान आलंय."

त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हेडफोन दाबून धरला. मग हेडफोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही ऐका. मी तुमच्याकडं बघतो." ती ऐकत असताना तो तिच्या चेहऱ्याकडं पाहत होता. मला तिथं थांबवेना. मी चहा टाकायला आत गेलो.

गाणी पुन्हा पुण्याला पाठवली. मालकाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "हे तेच आहे?" तो म्हणाला. "मी चारही सलग ऐकली. चौथं संपल्यावर मी पाच मिनिटं तसाच बसलो होतो हो. या. पुढच्या महिन्यातला कुठलाही गुरुवार सांगा." ओळखीचा नसलेला माणूस. शेवटपर्यंत. मी मित्राला कंपनीतच गाठून सांगितलं. तो "हो का?" म्हणाला आणि डाय साफ करत राहिला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "जाऊ या. वाजवू या."

पुढच्या गुरुवारी तालमीला बायकोही आली. कारण आता स्टेजवर माउस नव्हता. झांज जेवढी हळू हवी तेवढी हातानंच हळू वाजवायला हवी होती. ती समोर खुर्ची टाकून बसली आणि हातानं खुणा करत होती. गाणं शेवटाला आलं. ड्रमरनं झांजेवर काठी टेकवली. तिनं हात खाली दाबला, हळू. त्यानं हळू केलं. अजून हळू. त्याच्या कपाळावर घाम होता. दिवसभर लोखंड घासणारा माणूस एका पितळी तबकडीला फुलानं मारावं तसं मारत होता. तबकडी थरथरताना दिसत होती. आवाज नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "मी वाजवतोय का?"

"वाजवताय, भाऊजी. अगदी बरोबर."

मित्र माइकपाशी गेला. त्याचे ओठ हलले. मग त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, ड्रमरकडं पाहिलं. आम्हाला काही कळलं नव्हतं; त्याचं म्हणून झालं की अजून म्हणायचं आहे, तेच कळत नव्हतं.  ड्रमर झांज मारतच राहिला, कारण थांबायचं कधी हे त्याला कुणाकडून ऐकू येणार होतं? बायको खुर्चीवरून अर्धी उठली.

मित्रानं गिटारची वायर काढली. "नाही जमायचं," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. गिटार खोळीत घातली, खोळीची चेन लावली, बायकोला म्हणाला, "तुमचे फार कष्ट झाले, वहिनी," आणि गेला. ड्रमर स्टुलावर बसून राहिला. त्यानंतर आम्ही वाजवलेलं नाही.

पुण्याच्या मालकाला नाही कळवायचं काम माझ्याकडं आलं. मी शिफ्टचं कारण सांगितलं. तो हळहळला. म्हणाला, इथं येणाऱ्या लोकांना मी ते चौथं गाणं ऐकवतो, परवा एक मुलगी शेवटाला डोळे पुसत होती. हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग शिफ्ट सुटल्यावर, बसची वाट पाहत गेटबाहेर उभे असताना मित्राला सांगितलं.

"रडली?"

"हो म्हणे."

"शेवटाला?"

"हो."

तो बस येते का ते पाहायला रस्त्याकडं वळला. मग त्यानं विचारलं, "कसा आहे रे तो शेवट?"

मला सांगता आलं नाही. मला माहीत नव्हतं.